आभासी यंत्र आणि त्याचा परवाना

एका संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक नांदवतां येतो, ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. हा आंतला संगणक केवळ कांहीं फाइलींच्या रूपानें असतो. म्हणून त्यास आभासी यंत्र, अर्थात् व्हर्च्युअल मशीन, असें म्हणतात. घरांतील संगणक लिनक्सवर चालणारा, पण हिशेबाचें सॉफ्टवेअर विंडोजखेरीज चालत नाहीं, अशा वेळीं हाच उपाय योजला जातो. आणि मग एके दिवशीं पडद्याच्या कोपऱ्यांत अक्षरें उमटतात: 'विंडोज सक्रिय करा.'

असें कां व्हावें? इ. स. २००१ सालीं विंडोज एक्सपीबरोबर मायक्रोसॉफ्टनें घरगुती प्रतींनाहि सक्रियतेचें बंधन घातलें. त्यांत परवाना यंत्राच्या अंगच्या खुणांशीं बांधला जातो. मदरबोर्डाची ओळख ही त्यांतील मुख्य खूण. खऱ्या यंत्रांत ती सहसा बदलत नाहीं. आभासी यंत्रांत मात्र सर्वच खुणा कागदोपत्रींच्या! फाइली दुसऱ्या संगणकावर नेऊन यंत्र सुरू केलें, कीं व्हीएमवेअर विचारतें: हें यंत्र हलविलें, कीं त्याची नक्कल केली? 'नक्कल केली' असें उत्तर दिल्यास यंत्रास नवा ओळखक्रमांक व नवा नेटवर्क पत्ता मिळतो, आणि विंडोजला आपण परक्या घरीं आल्यासारखें होतें. ०एक्ससी००४एफ२११ हा दोष यंत्र बदलल्याचाच सांगावा होय. खरोखर स्थलांतरच केलें असेल, तर 'हलविलें' हेंच उत्तर द्यावें. २०१६ पासून विंडोज १० चा परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्यास जोडतां येऊं लागला. तसा तो आधीं जोडलेला असल्यास सेटिंग्जमधील दोषनिवारकाच्या साह्यानें नव्या ओळखीवर आणण्याची सोय आहे.

तथापि संगणकाबरोबरच विकत आलेला ओईएम परवाना त्या मूळ यंत्रापुरताच असतो. तो आभासी यंत्रांत चालविण्याचा खटाटोप व्यर्थ. परवाना कोणत्या जातीचा, हें 'एसएलएमजीआर /डीएलव्ही' ही आज्ञा सांगते. दरम्यान घाबरण्याचें कारण नाहीं. सक्रिय नसलेलें विंडोज १० बंद पडत नाहीं. पडद्याची सजावट बदलतां येत नाहीं, एवढेंच. तेवढ्यासाठीं फुकटच्या चोरवाटांच्या नादीं लागून हिशेबाचें सारें दप्तर परक्यापुढें उघडें टाकणें, हा व्यवहार मोठ्या तोट्याचा.

कचेऱ्यांतील प्रकार निराळा. तेथें केएमएस नांवाची व्यवस्था असलेला संस्थेचाच एक संगणक १८० दिवसांच्या मुदतीनें मान्यता देतो. ०एक्ससी००४एफ०७४ म्हणजे त्याच्याशीं गांठच पडली नाहीं. अशा वेळीं १६८८ क्रमांकाचें पोर्ट बंद नाहीं ना, तें पाहावें. ०एक्ससी००४एफ०६सी या दोषाचें मूळ मात्र घड्याळांत असतें. थांबवून ठेवलेलें आभासी यंत्र पुन्हां जागें झालें, कीं त्याचें घड्याळ मागील वेळेवरच राहिलेलें असूं शकतें. आणि दोन्ही घड्याळांत चार तासांहून अधिक अंतर पडल्यास केएमएस दाद देत नाहीं. घड्याळ जुळवून 'एसएलएमजीआर /एटीओ' ही आज्ञा दिली, म्हणजे काम होतें.