विजेच्या मालमोटारीतील साहाय्यक इंजिन

विजेवर चालणाऱ्या मालमोटारीस जड ओढगाडी जोडली, की एका भारणीत कापावयाचे अंतर पुष्कळदा निम्म्यावर येते. घोडे किंवा गवताच्या गासड्या वाहून नेणाऱ्या अमेरिकन शेतकऱ्याची अडचण नेमकी हीच आहे. बॅटरी वाढवावी, तर गाडीचेच वजन वाढते. यावर उपाय म्हणून गाडीत पेट्रोलचे इंजिन बसविण्यात येते. मात्र ते चाकांना जोडलेले नसते. इंजिन जनित्र फिरविते, जनित्राची वीज मोटारीस अथवा बॅटरीस मिळते आणि चाके मोटारच फिरविते. आपल्याकडील डिझेलच्या रेल्वे इंजिनाची रचना बरीचशी अशीच असते.

चाकांशी सांधा नसल्याने इंजिन कमी इंधनात अधिक काम देईल अशा वेगाने चालविता येते. चढावरची जादा शक्ती बॅटरी पुरविते, आणि खरी मेख येथेच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘रॅमचार्जर’च्या आराखड्यात मोटारींची शक्ती ६६३ अश्वशक्ती, तर जनित्राची १३० किलोवॅट, म्हणजे जेमतेम १७५ अश्वशक्ती होती, बॅटरी ९२ युनिटांची. लांब घाटात भरलेली गाडी जनित्र देईल त्याहून अधिक वीज खाते. बॅटरी रिती झाली, की वेग घटणारच. म्हणून घाटापूर्वीच इंजिन सुरू करून साठा राखावा लागतो.

पेट्रोलपासून वीज व विजेपासून गती, या दोन रूपांतरांत काही शक्ती वाया जाते. सपाट हमरस्त्यावर सदैव इंजिनाच्या भरवशावर धावणाऱ्यास त्यामुळे फारशी बचत दिसत नाही. रोज घरी बॅटरी भारून जवळची कामे विजेवर उरकणारा आणि क्वचितच लांब जाणारा, अशालाच ही व्यवस्था मानवते.