चवदार तळ्याच्या आधीचे महाड

२० मार्च १९२७ म्हटले की चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरणारे बाबासाहेब डोळ्यांसमोर येतात. येणारच. पण परिषद म्हटली की मांडव आला, वर्गणी आली, गावोगाव निरोप धाडणे आले आणि आलेल्या माणसांचे दोन दिवसांचे जेवणखाण आले. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी ही धावपळ करणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे आघाडीवर होते. तेव्हा त्यांचे वय होते अवघे चोवीस.

मोऱ्यांचा जन्म १ मार्च १९०३ चा, महाडजवळच्या लाडवलीचा. घर दासगावचे. सावित्रीकाठच्या या टापूत लष्करातून निवृत्त झालेल्या महारांची बरीच वस्ती होती. पलटणीत लिहायला-वाचायला शिकलेली, पेन्शन खाणारी ही माणसे गावगाड्याला सहजासहजी दबत नसत. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर याच तालुक्यातल्या रावढळचे, तेही माजी सैनिक. महाडची परिषद मुंबईहून कोकणात आणून बसवली असे मानणाऱ्यांनी हे पूर्वसंचित जरूर पाहावे.

वयाच्या अकराव्या वर्षी मोरे अलिबागला परीक्षा देऊन शिष्यवृत्ती मिळवून आले. पण महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना दारातूनच परत पाठवले. शाळेची इमारत भाड्याची होती आणि अस्पृश्य मुलगा वर्गात बसणे मालकाला चालणार नव्हते. पोराने काय करावे? वर्तमानपत्राला पत्र लिहिले. ते छापून आल्यावर प्रवेश द्यावा लागला, पण बसायची जागा इतर मुलांपासून वेगळी. पुढे जन्मभर हा माणूस अर्ज, पत्रके आणि टिपणे लिहीत राहिला. त्याची सुरुवात इथे झाली असे मला वाटते.

महाड ही बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतून माणसे विक्रीला, कचेरीच्या कामाला येत. पायपीट करून आलेल्या अस्पृश्याला गावात घोटभर पाणी मिळत नसे. मोरे आणि त्यांच्या साथीदारांनी अशा लोकांसाठी चहाचे दुकान काढले. तिथे चहा मिळे, पाणी मिळे आणि मोऱ्यांकडून अर्जही लिहून मिळे. कोणत्या गावात काय चालले आहे, कोण छळतो आहे, कोण खमका आहे, हे सगळे त्या बाकांवर कळे. तळ्याच्या इतिहासात या दुकानाला अर्ध्या ओळीपेक्षा जास्त जागा मिळायला हवी.

कायद्याची बाजू तोवर तयार झाली होती. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या ठरल्या. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले, अर्थात कागदावर. त्याच वर्षी मोरे बाबासाहेबांना महाडला बोलवायला गेले. प्रत्यक्ष परिषद भरायला तीन वर्षे लागली.

परिषद वीरेश्वर थिएटरात, १९ आणि २० मार्चला. पाणी? अस्पृश्यांना भरता येत नव्हते, म्हणून सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे नगरपालिकेचे, ठराव नगरपालिकेचा, आणि तहान भागवायला रोख मोजायची! दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी उठून तळ्यावर जाण्याची सूचना मांडली, तेव्हा लोक एका पायावर तयार झाले ते उगाच नव्हे. पुढचे सर्वश्रुत आहे. आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली, प्रतिनिधींवर हल्ले झाले, काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये तळ्यावरून सवर्णांनी भरलेल्या खटल्यात कोर्टाचा मनाईहुकूम आला आणि मनुस्मृतीचे दहन झाले. खटल्याचा शेवटचा निकाल हायकोर्टातून लागला १७ मार्च १९३७ ला.

मोरे मात्र तोवर गिरणगावात पोचले होते. १९३० मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले. तिथेही जात आडवी येतच होती. सूत तुटले की विणकराला धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. महाराची थुंकी लागलेल्या धोट्याला इतर विणकर तोंड कसे लावणार? म्हणून जास्त मजुरीच्या विणकाम खात्याचे दार महारांना बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी या प्रश्नावर बोट ठेवले होते आणि कामगार पुढाऱ्यांकडे त्याचे धड उत्तर नव्हते.

तरी मोऱ्यांनी पक्ष सोडला नाही आणि बाबासाहेबांशी असलेले नातेही तोडले नाही. याची किंमत त्यांनी दोन्हीकडे मोजली: एका बाजूला ते लाल, दुसऱ्या बाजूला जातीचा विषय सारखा काढणारे. मला त्यांच्या हट्टाचे मोल वाटते ते याच ठिकाणी. १९५३ मध्ये त्यांनी अस्पृश्यता आणि जातिप्रश्नावर टिपण लिहून पक्षनेतृत्वापुढे ठेवले. १९६४ मध्ये पक्ष फुटला, मोरे मार्क्सवाद्यांबरोबर गेले, १९६५ मध्ये ‘जीवनमार्ग’ साप्ताहिक सुरू केले.

११ मे १९७२ रोजी ते वारले, आत्मचरित्र अर्धेच राहिले होते. त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी पुढचा भाग लिहून चरित्र पुरे केले. आणि जातिप्रश्नावरचे ते टिपण? पक्ष फुटला तेव्हा मोऱ्यांनी तोच विषय नव्या पक्षाच्या पुढाऱ्यांपुढेही नेऊन ठेवला होता.