घोडा गेला, डॅशबोर्ड राहिला

‘‘ताई, धंदा काय लिहायचा?’’

आमच्या परळच्या बचत गटातल्या चाचींचा एक सरकारी फॉर्म भरत होते, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या मिस्टरांनी चाळीस वर्षं व्हिक्टोरिया हाकली. मी सरळ ‘कोचमन’ लिहिलं. खिडकीतल्या तरुण मुलाने विचारलं, ‘‘हे काय असतं?’’ म्हटलं, ‘‘व्हिक्टोरिया चालवायचे.’’ तर तो म्हणाला, ‘‘मॅडम, ते तर स्टेशनचं जुनं नाव ना?’’ त्याचं काही चुकलं नाही म्हणा. पण मग ‘चालक’ लिहिलं तर त्याने लायसन्स मागितलं! फॉर्म परत आला.

चाची गप्प बसल्या होत्या. मला मात्र घरी येऊनही चैन पडेना. स्वयंपाक आटोपला आणि कॉलेजपासून जपलेली जाडजूड डिक्शनरी काढून बसले.

मैत्रिणींनो, गंमत बघा. व्हिक्टोरिया म्हणजे चार चाकांची, बुटकी, मागे दुमडणाऱ्या टपाची घोडागाडी. राणीचं नाव तिला मिळालं. ‘कोच’ हा शब्द हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून आला. तिथे चांगल्या गाड्या बनत. आज आपण रेल्वेच्या डब्यालाही कोच म्हणतो. ‘कॅब’ म्हणजे कॅब्रिओले, दोन चाकांची हलकी घोडागाडी. ‘जॉकी’ हे जॅक नावाचं लाडाचं रूप. आपल्याला आधी बनियन आठवतं, ते सोडा! आणि ‘डॅशबोर्ड’? माझा मुलगा ड्रायव्हिंग शिकताना दिवसभर हा शब्द घोकायचा. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढे जी लाकडाची किंवा चामड्याची आडोशाची फळी लावत, तो डॅशबोर्ड. आता तिच्यावर गणपती बसतो.

तुमच्या शेतातल्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार असेल. तो घोडासुद्धा खराच. जेम्स वॅटला आपली वाफेची इंजिनं विकायची होती. गिऱ्हाईकाला समजावं म्हणून त्याने इंजिनाची ताकद घोड्याच्या कामाशी ताडून सांगितली. एक हॉर्सपॉवर म्हणजे साधारण 746 वॅट.

हे नुसते पुस्तकातले शब्द नव्हेत, आपल्या मुंबईच्या रस्त्यावरचे आहेत. 1874 मध्ये इथे ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असं सांगतात. 1907 मध्ये विजेची ट्राम आली आणि त्या घोड्यांचं काम संपलं. महालक्ष्मीचं रेसकोर्स 1883 चं. काळा घोडा तर 1965 मध्येच हलवला, त्याच्यावर बसलेल्या राजासकट. तो भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळ गेला. त्या जागेचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं. 2017 मध्ये तिथे नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही.

एक शब्द मात्र उलटा गेला. घोड्याची देखभाल करणारा तो ‘साईस’. मूळ अरबी शब्द, आपल्याकडून इंग्रजांनी उचलला आणि त्यांच्या डिक्शनरीत बसवला. आपल्या मराठीत तो मोतद्दार. साहेबाच्या डिक्शनरीत साईसाला जागा आहे आणि आपल्या फॉर्ममध्ये कोचमनला नाही, याचं मला वाईट वाटलं.

2015 च्या जूनमध्ये हायकोर्टाने मुंबईतल्या हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करायला वर्षाची मुदत दिली. खरं सांगते, मला तो निकाल पटला होता. मरीन ड्राइव्हच्या तापलेल्या डांबरावर नाल ठोकलेल्या पायांनी धावणारी ती हडकुळी जनावरं बघवत नसत. पण चाचींची ओळख झाली तेव्हा कळलं, घोड्याची सुटका झाली तरी मोतद्दाराचं घोडं तिथेच अडलं होतं. चाचींनी मसाले कुटून, डबे करून घर चालवलं. चाचांना दुसरं कुठलंच काम येत नव्हतं.

त्यांना काय येतं, ते मी एका दुपारी ऐकलं. खरारा कसा करायचा, लगाम किती ओढला की तोंड दुखतं, झापडं का बांधायची (बाजूने येणाऱ्या बसला बिचकू नये म्हणून), टापेच्या आवाजावरून नाल सैल झालेला कसा ओळखायचा... आपण ‘झापडं लावली’, ‘लगाम घाला’, ‘खोगीरभरती’ असं येता-जाता बोलतो. चाचांनी त्यातलं खोगीर सोडलं तर सगळं हाताने केलेलं. ‘‘खोगीर स्वारीच्या घोड्याला,’’ त्यांनी मला दुरुस्त केलं, ‘‘गाडीच्या घोड्याला साज.’’

मी त्यांना डॅशबोर्डची गोष्ट सांगितली, तर खो खो हसले. म्हणाले, ‘‘ताई, फळी होती, पण ती पॅसेंजरसाठी. पहिल्या पावसात लालबागला चिखल माझ्याच तोंडावर यायचा!’’

फॉर्म शेवटी तिसऱ्या खेपेला घेतला त्यांनी. धंद्याच्या रकान्यात ‘इतर’ लिहिलं. त्याखाली जराशी जागा होती, तिथे चाचींनी माझ्याकडून पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर लावत लिहिलं, ‘कोचमन’.