शिर्डी ते ओझर : आठ मिनिटं, तीही कागदावर

शिर्डी विमानतळ प्रत्यक्षात आहे कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला. तिथून नाशिकचं ओझर विमानतळ सरळ रेषेत किती लांब? हे घरबसल्या काढता येतं. काकडी साधारण १९.६९ अंश उत्तर, ७४.३७ अंश पूर्व; ओझर २०.१२ उत्तर, ७३.९१ पूर्व. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश ध्रुवांकडे आखडत जातो, आपल्याकडे तो १०५ च्या आसपास भरतो. पुढे शाळेतला पायथागोरस : दोन्ही बाजू जवळपास ४८, कर्ण ६८ किलोमीटर. एटीआर-७२ हे पंख्याचं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या घरात उडतं. भागाकार केला की आठ मिनिटं!

गणित बरोबर आहे, पण विमान असं उडत नाही. उतरताना साधारण तीन अंशांचा उतार धरतात. दर हजार फुटांना तीन सागरी मैल लागतात. समजा, वैमानिकाने जमिनीपासून दहा हजार फूट उंची गाठायचं ठरवलं, तर खाली येण्यासाठी त्याला ३० सागरी मैल, म्हणजे ५५ किलोमीटर हवेत. चढाईला उरले तेरा किलोमीटर. तेवढ्यात ती उंची गाठणं अशक्य. म्हणजे विमान खालूनच, कमी वेगाने आणि जास्त इंधन जाळत जाणार. शिवाय काकडीची धावपट्टी पूर्व-पश्चिम. वारा पश्चिमेचा असेल तर उतरणाऱ्या विमानाला पूर्वेकडून यावं लागतं. ओझरहून येणाऱ्याला आधी विमानतळ ओलांडून वळसा आलाच.

वेळापत्रकातल्या वेळेत विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचं सगळं धरतात. धावपट्टीपर्यंतची रखडपट्टी, परवानगीची वाट, सगळंच. ऑक्टोबर २०१७ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा मुंबई-शिर्डी प्रवास चाळीस मिनिटांचा सांगितला गेला. अंतर आहे १७१ किलोमीटर. नुसत्या भागाकाराने वीसच मिनिटं येतात. उरलेली वीस दोन्ही टोकांना जातात आणि मुंबईच्या आकाशात गर्दी असेल तर त्याहूनही जास्त.

हैदराबाद मात्र ५०० किलोमीटरवर. इथे विमानाला खरा वेग घेता येतो, पण वाराही हिशेब मागतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा पाठीशी असला तर हे अंतर साडेचोपन्न मिनिटांत कापलं जातं. तोच समोरून आला तर जवळपास सदुसष्ट. जाता-येता फिटंफाट होईल असं वाटतं, पण बेरीज १२१ मिनिटांवर जाते. वारा नसता तर १२० लागली असती. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा.

सर्वांत मोठा विलंब मात्र कुठल्याच सूत्रात बसत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये दृश्यमानता घसरली आणि शिर्डीची विमानसेवा काही आठवडे ठप्प झाली.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे तीनेक किलोमीटरचं नियमित उड्डाण दोन मिनिटांत संपतं. तिथे मध्ये समुद्र आहे, म्हणून ते परवडतं. शिर्डी आणि ओझरच्या मध्ये सिन्नरचा रस्ता आहे. तपासणीसाठी तासभर आधी पोचायचं, उतरल्यावर पुन्हा गाडी शोधायची, एवढ्या वेळात एसटीने माणूस नाशकात पोचलेला असतो. या टप्प्यावर विमान हवंच कशाला?