विद्युतभारांमधील बल

दोन विद्युतभारित कण एकमेकांना ओढतात किंवा दूर ढकलतात. भार सजातीय असतील तर प्रतिकर्षण, विजातीय असतील तर आकर्षण. हे बल दोन्ही भारांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि त्यांच्यातील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते.

शार्ल कूलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७८५ मध्ये हा नियम प्रयोगाने दाखवला. चांदीच्या अतिशय बारीक तारेला त्याने एक हलकी आडवी दांडी टांगली. दांडीच्या टोकाची भारित गोळी शेजारच्या स्थिर गोळीपासून ३६ अंश दूर सरकली. ती १८ अंशांवर आणायला तारेला एकूण १४४ अंशांचा पीळ बसला. अंतर निम्मे, पीळ चौपट, म्हणजे बलही चौपट. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश याच निष्कर्षाला आधीच पोचला होता; पण या भिडस्त गृहस्थाने तो छापलाच नाही.

एकेक कूलोमचे (कूलोम हे विद्युतभाराचे एकक) दोन भार निर्वातात १ मीटर अंतरावर ठेवता आले, तर त्यांच्यातील बल सुमारे ९ अब्ज न्यूटन, म्हणजे नऊ लाख टन वजनाइतके भरेल. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांच्यातील विद्युत आकर्षण त्यांच्या गुरुत्वाकर्षणापेक्षा कितीतरी मोठे असते: १ वर ३९ शून्ये, आणि त्याच्याही दुपटीहून अधिक पट. तरीही रोजच्या व्यवहारात जाणवते ते गुरुत्वच, कारण बहुतेक वस्तूंमध्ये धन आणि ऋण भार समसमान असतात आणि त्यांचे परिणाम परस्परांना खोडतात.

माध्यमानेही फरक पडतो. पाण्यात हे बल सुमारे ८० पटींनी घटते. मिठातले सोडियम आणि क्लोरीनचे आयन पाण्यात सहज सुटे होतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.