शांतता ऑक्सिजनमुळे येत नाही

वेचणीच्या दिवसांत तेलंगणातल्या बेला मंडलात धांदलीला तोटा नसतो. वेचणाऱ्या बाया मिळवायच्या, कापूस भरून आदिलाबादच्या बाजारात न्यायचा, भाव ठरेपर्यंत ताटकळायचं, आणि त्या ताटकळण्यातही मोबाइल वाजतच राहतो. घाई ही काही पुण्या-मुंबईचीच मिरास नाही; पैनगंगेच्या काठची ही मराठी बोलणारी गावंही तिच्यात पुरती सापडली आहेत. अशात कुणाचं डोकं तापलं की शेजारचा म्हणतो, ‘लांब श्वास घे, ऑक्सिजन जाऊ दे डोक्यात.’ सल्ला उत्तम, कारण चुकीचं.

कोविडच्या काळात अनेक घरांत ऑक्सिमीटर आले. निरोगी माणसाने बोट घातलं की आकडा 95 ते 99 दाखवायचा, तोही साध्या, नकळत चाललेल्या श्वासावर. रक्तातलं हिमोग्लोबिन तेव्हाच जवळजवळ भरलेलं असतं. लांब श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. उलट जोरजोरात श्वास घेत राहिलं तर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरायला लागतं.

लोणावळ्यात ही गोष्ट फार पूर्वीच ध्यानात आली होती. स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी 1924 मध्ये तिथे कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही. योगाची परीक्षा क्ष-किरण आणि दाबमापक लावून घ्यायची, हा त्यांचा हट्ट. प्राणायामात शरीर किती ऑक्सिजन घेतं याची मोजमापंही त्यांनी केली, आणि प्राणायामाचं खरं मोल जादा ऑक्सिजनात नाही, असं स्पष्ट सांगितलं. योगाचा अभिमान बाळगूनही सोयीचा समज मोडून काढायला धैर्य लागतं. आजच्या योगवर्गांतून ‘ऑक्सिजन भरून घ्या’ हे अजून ऐकू येतं, म्हणजे इतक्या वर्षांत तो निष्कर्ष लोणावळ्याचा घाट काही उतरला नाही.

मग शांत वाटतं ते कशाने? मनगटावर नाडी धरून पाहा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना संथ होतात. सोडताना व्हेगस हा मज्जातंतू हृदयाला लगाम घालतो. उच्छ्वास जितका लांब, तितका लगाम जास्त वेळ. इटलीच्या लुचानो बर्नार्डी यांनी 23 निरोगी माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तल्लख झाली. हा अभ्यास 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. हरिपाठ म्हणताना मिनिटाला किती श्वास होतात, हे वाचकांनी घड्याळ लावून जरूर मोजावं.

मेंदूतही एक धागा सापडला आहे. श्वासाचा ताल धरणारा पेशींचा पुंजका मेंदूच्या देठात असतो. जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1991 मध्ये दाखवून दिला. 2017 मध्ये उंदरांच्या या पुंजक्यातल्या जेमतेम पावणेदोनशे पेशी काढून टाकल्या, तेव्हा श्वास चालू राहिला, पण एरवी सतत हुंगत फिरणारे उंदीर निवांत बसून अंग साफ करू लागले. श्वासाची बातमी मेंदूच्या ‘जागं राहा’ सांगणाऱ्या केंद्राला पोचवणं हे त्या पेशींचं काम होतं. माणसात हुबेहूब असंच घडतं, असं त्यावरून म्हणता येत नाही.

आतापर्यंतचं सगळं श्वास संथ करण्याबद्दल. इगतपुरीची वाट वेगळी. तिथे 1976 पासून धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात सुरुवातीला आनापान करायचं असतं, म्हणजे श्वास जसा येईल तसा नुसता पाहायचा. लांब करायचा नाही, मोजायचा नाही. ही विपश्यना भारतात परत आणणारे सत्यनारायण गोएंका रंगूनचे व्यापारी. अर्धशिशी इतकी असह्य की मॉर्फिन घ्यावं लागे. 1955 मध्ये ते ज्यांच्याकडे शिकायला गेले ते ऊ बा खिन कुणी अरण्यवासी साधू नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे ते पहिले महालेखापाल, सरकारी हिशेबांच्या ढिगात बसलेले. वेळ नाही ही सबब त्या गुरुशिष्यांना सहज शोभली असती.

नुसतं पाहायचं म्हटलं की पहिली अडचण कळते ती ही, की चार श्वासांत मन कापसाच्या भावावर जाऊन बसलेलं असतं. ते गेल्याचं लक्षात येणं आणि परत आणणं, हाच व्यायाम; मन न हलणं नव्हे. शाळेतल्या मुलांना हे काही मिनिटांत शिकवता येतं, आणि महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने ‘मित्र उपक्रमा’तून ते शाळांमध्ये नेलंही. मात्र ज्यांना घाबरेपणाचे झटके येतात त्यांच्यापैकी काहींना श्वासाकडे पाहिल्याने त्रास वाढतो. त्यांनी पावलांकडे किंवा आवाजाकडे लक्ष द्यावं, आणि डॉक्टरांशी बोलावं.

कापसाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट. जिनिंगमध्ये किंवा सूतगिरणीत वर्षानुवर्षं सरकीची, रुईची धूळ नाकात गेलेल्या माणसाला सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर तो ताण समजून डोळे मिटून बसू नये. बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार असाच सुरू होतो. त्यावर आनापान हा उपाय नाही. तोंडाला मास्क, धूळ ओढणारे पंखे आणि फुप्फुसांची तपासणी हा आहे.