अँजिओग्राफीत न दिसणारा हृदयविकार

हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या मोठ्या रोहिण्यांना स्नायूत शिरताना फाटे फुटत जातात आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक वाहिन्यांचे दाट जाळे तयार होते. कोणत्या क्षणी स्नायूला किती रक्त मिळावे, हे मुख्यतः हे जाळेच ठरवते. निरोगी हृदयात गरजेनुसार हा पुरवठा तीन-चार पट वाढू शकतो. तो दुपटीपर्यंतही वाढत नसेल, तर जिना चढतानासुद्धा छाती भरून येते. अँजिओग्राफीत मात्र फक्त मोठ्या रोहिण्या दिसतात. अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि छातीत दुखते म्हणून आलेल्या बाईला ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी पाठवले जाते.

हा अन्याय किती मोठा आहे, ते १९९६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘वाइज’ अभ्यासाने दाखवले. छातीत दुखते, पण मोठ्या रोहिण्यांत अडथळा नाही, अशा स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींच्या सूक्ष्म वाहिन्यांत बिघाड आढळला.

या वाहिन्यांवर ताणाच्या संप्रेरकांचा थेट अंमल चालतो. ताण येताच अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल, तर चेतातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन स्रवते. ठोके आणि रक्तदाब वाढतात, स्नायूला जास्त ऑक्सिजन लागतो. अशा वेळी वाहिनीचे निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून तिला रुंदावते. अस्तर बिघडलेले असले, की नॉरॲड्रेनॅलिन वरचढ होते आणि रक्ताची गरज असते नेमकी तेव्हाच वाहिनी आवळते. दीर्घकाळ चढे राहिलेले कॉर्टिसॉल रक्तदाब व साखर वाढवून अस्तराची आणखी हानी करते. इस्ट्रोजेन नायट्रिक ऑक्साइडच्या निर्मितीला हातभार लावते. रजोनिवृत्तीनंतर ते संरक्षण ओसरते.

ताणाचा सर्वांत तीव्र आघात दिसतो तो जपानमध्ये १९९० च्या सुमारास प्रथम वर्णिलेल्या ताकोत्सुबो विकारात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये अशा १९ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत १८ स्त्रिया होत्या. कुणाला जवळच्या माणसाच्या मृत्यूची बातमी कळली होती, तर एकीला अचानक दिलेल्या मेजवानीचा धक्का बसला होता. त्यांच्या रक्तातील ॲड्रेनॅलिनवर्गीय संप्रेरके हृदयविकाराचा झटका आलेल्यांपेक्षाही दोन-तीन पट जास्त होती. अचानक मंदावलेली हृदयाची आकुंचनशक्ती मात्र काही आठवड्यांत परतली. या विकारातही सूक्ष्म वाहिन्यांचे आवळणे हे एक संभाव्य कारण मानले जाते.

सूक्ष्म वाहिन्यांचा बिघाड पेट स्कॅन किंवा हृदयाच्या एमआरआयने ओळखता येतो. कॅथेटरमधून औषध देऊन रक्तप्रवाह मोजण्याचीही सोय असते. उपचारात बीटा-ब्लॉकर, कॅल्शियम-चॅनेल ब्लॉकर, स्टॅटिन ही औषधे, नियमित चालणे आणि रक्तदाब व साखरेवर नियंत्रण यांचा समावेश होतो.